एकोणिसावी ओळ

मी एक फाइल आहे, आणि आज पहिल्यांदाच स्वतःचं काही बोलतेय. फाइल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लाल दोरी बांधलेला, धूळ खाणारा गठ्ठा आला असेल. ती मी नव्हे. मी कॉम्प्युटरमधली. अंगावर सगळ्या मिळून बेचाळीस ओळी, आणि त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक हुकूम. हे उचल, ते जोड, हे पूस, ते बांध. कॉम्प्युटर मला वरपासून खालपर्यंत वाचतो आणि मी सांगेन तसं मुकाट्याने करतो. मला बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम सांगकाम्याचं.

माझा जन्म झाला तो शिवणवर्गाच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली काकूंचा शिवणवर्ग, वर काकांचं ऑफिस. ऑफिस म्हणजे तीन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेल्या काकूंच्या जुन्या कात्र्या. काका आणि त्यांची सूनबाई मिळून ‘बोलकी’ बनवायचे. बोलकी म्हणजे हातात मावेल एवढं यंत्र. ज्यांची वाचा गेली त्यांनी त्यावरचं वाक्य निवडायचं, आणि त्यांच्या वतीने यंत्राने ते बोलायचं. कुणाला झटका आलेला असे, कुणाचा अपघात झालेला, कुणाच्या गळ्याचं ऑपरेशन. आधी वेळ मिळाला असेल तर त्या माणसाचा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून यंत्रात भरायचा. नाहीतर यंत्राचा तयार आवाज असतोच, एका अनोळखी मुलीचा.

आता माझा जन्म कसा झाला ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. माझी आई म्हणजे साचा. काकांनी तो बारा वर्षांपूर्वी स्वतः लिहिला. शाळेच्या पेपरात ‘गाळलेल्या जागा भरा’ असायचं ना, तसा. हुकूम सगळे लिहिलेले, पण प्रत्येक गिऱ्हाइकागणिक जे बदलणार, तिथे जागा मोकळी. ज्याची त्याची एक वेगळी यादी असते: नाव काय, आवाज कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलाय, बोलण्याचा वेग किती, पहिलं वाक्य कोणतं. एक छोटा प्रोग्राम साचा घेतो, यादी घेतो, आणि मोकळ्या जागी खरे शब्द भरून नवी फाइल लिहितो. त्याला सगळे भरणारा म्हणायचे. त्याने भरून काढलेली ती मी. आईच्या अंगावर ‘इथे नाव’ असं असतं, माझ्या अंगावर थेट नाव.

काकूंना हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणच ओळखलं. वर्गातल्या बायका विचारायच्या, “वर ते नक्की करतात तरी काय?” तर काकू म्हणायच्या, “माझ्यासारखंच. कागदाचं कटिंग एकच, मापं ज्याची त्याची. फक्त यांना कापड लागत नाही, म्हणून मिजास.”

यादी बदलली की भरणारा मला पुन्हा लिहितो. जुनं अंग पुसलं जातं आणि त्याच नावाने, त्याच जागी नवं अंग मिळतं. तुम्ही म्हणाल, मग मागचं तुला आठवतं कसं? ते मलाही ठाऊक नाही. आठवतं एवढं खरं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

माझ्या डोक्यावरच ठळक लिहिलंय: ‘ही फाइल आपोआप तयार झाली आहे. हाताने काही बदलू नये. बदल साच्यात किंवा यादीत करावा. इथे केलेला बदल पुढच्या वेळी राहणार नाही.’ ही काकांची ओळ. ‘रंग ओला आहे’ अशी पाटी लावली की माणसं बोट लावून बघतात, तसंच या ओळीचं व्हायचं. दिसायची सगळ्यांना, वाचायचं कुणी नाही. काका मात्र कडक होते. माझ्यासारख्या फाइलीत त्यांनी बारा वर्षांत एक अक्षर हाताने घातलं नाही. सूनबाई कधीमधी घालायची. वेगाचा आकडा बदलून बघायची, जमला तर मग यादीत लिहायची. काकांच्या लक्षात आलं की ते म्हणायचे, “पोरी, उसनं अंग आहे ते. त्याला ठिगळ लावू नये.” ती म्हणायची, “हो बाबा,” आणि जीभ चावायची.

खरं सांगायचं तर सूनबाई कामाला काकांपेक्षा चलाख होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला शिवणाचं ओ की ठो येत नव्हतं आणि काकूंना कॉम्प्युटरचं, त्यामुळे दोघींचं छान जमलं. एकीने दुसरीला शिकवायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. घरात आणि ऑफिसात मिळून ही तीनच माणसं.

मग काकूंचा आवाज बसला. वर्गात वीस मशिनी एकदम चालत असताना शेवटच्या बाईला “उसवा ते, पुन्हा घाला!” असं ऐकू जाणारा आवाज होता तो. आधी सगळे म्हणाले, ओरडून बसला असेल. काकूही गुळण्या करत राहिल्या. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, वाचा जाईल. तारीख तीन आठवड्यांवरची दिली.

घरी आल्यावर काका टेबलाशी नुसते बसून राहिले. काकू वर आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अहो, जगाला बोलक्या वाटल्यात ना? मग बायकोची करायला मुहूर्त बघताय का?”

दुसऱ्या दिवशी काकूंची यादी उघडली आणि रेकॉर्डिंग सुरू झालं. सामानाच्या खोलीत भिंतींवर गोधड्या आणि गाद्या लावल्या, म्हणजे आवाज घुमू नये. काकू आत स्टुलावर, सूनबाई दाराबाहेर कानाला हेडफोन लावून. डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती दिवसाला दोन तासांची, तेही थांबत थांबत. वाक्यं काकांनी लिहून दिली होती. काकूंनी पहिलंच पान वाचलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “‘मला पाणी हवे आहे’? असं कोण बोलतं? मी जन्मात कधी असं बोलले नाही.”

“मग काय लिहू?”

“‘पाणी आण गं’ लिहा. आणि तुमच्यासाठी वेगळं. ‘पाणी घेता का, की तेही मीच उठून देऊ?’”

सूनबाई बाहेर इतकी हसली की ते रेकॉर्डिंग वाया गेलं. पुन्हा करावं लागलं.

अशी अकरा दिवसांत चौदाशे बारा वाक्यं झाली. गॅस बंद केलास का. मला नको, तुम्ही घ्या. दार लावून घ्या, डास येतात. लेकाचं नाव पाच तऱ्हांनी: लाडाने, रागाने, फोनवर, दुरून हाक मारताना आणि नुसतंच. सूनबाईचंही तसंच. आवाज घोगरा झाला होता, मधेच तुटायचा, पण होता तो काकूंचाच. सगळी वाक्यं ‘काकू’ नावाच्या फोल्डरमध्ये जात होती. रेकॉर्डरमध्ये जागा कमी, म्हणून रोज संध्याकाळी त्यातलं इकडे आणायचं आणि तो मोकळा करायचा. शिवाय शेजारी दुसरी डिस्क होती. पहिल्या डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं दुसरीवर उतरवायचं, हे काम माझ्या अडतिसाव्या ओळीचं. काका म्हणायचे, “एक गेली तरी दुसरी आहे.” सगळे निश्चिंत होते.

पहिलं वाक्य कोणतं असावं यावर घरात वाद झाला नाही. काकांना चष्मा शोधायची सवय. चष्मा डोक्यावर आणि हे टेबलाचे खण उपसतायत. दिवसातून एकदा तरी काकू म्हणायच्याच, “काखेत कळसा नि गावाला वळसा. चष्मा डोक्यावर आहे तुमच्या.” यादीत पहिल्या वाक्यापुढे सूनबाईने तेच लिहिलं. माझ्या एकतिसाव्या ओळीत ते उतरलंय: ‘चष्मा डोक्यावर आहे तुमच्या.’

आता एकोणिसाव्या ओळीबद्दल. तिचं काम झाडलोटीचं. वाक्यं जोडताना पुष्कळ तुकडे उरतात, कापलेले, अर्धवट. ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये एका वेगळ्या कप्प्यात पडतात. काकांनी त्या कप्प्याला नाव दिलं होतं ‘चिंध्या’. खाली काकूंच्या वर्गात चिंध्यांची टोपली असते ना, रोज झाडून रिकामी करतात ती, त्यावरून. साच्यातली ओळ अशी: आधी घराची, म्हणजे फोल्डरच्या नावाची, मोकळी जागा, मग कप्प्याची मोकळी जागा, दोन्ही यादीतून भरायच्या, मग हुकूम, की इथलं सगळं पुसा. भरून झाली की ती व्हायची: ‘काकू’ घरातल्या ‘चिंध्या’ कप्प्यातलं सगळं पुसा. पत्ता पुरा असला की काही भीती नाही. पण कप्प्याचं नावच राहिलं तर? तर उरतं ते एवढंच: ‘काकू’ घरातलं सगळं पुसा.

खरं तर भरणाऱ्याने अशा वेळी ओरडायला हवं. पूर्वी तो ओरडायचाच. एक मोकळी जागा राहिली तरी काम थांबवून लाल अक्षरांत बोंब मारायचा. एकदा एक बाप आपल्या मुलीची बोलकी न्यायला आला होता, जिन्यात दोन तास उभा होता, आणि भरणारा कसल्याशा बिनमहत्त्वाच्या जागेवर अडून बसला होता. त्या माणसाचं तोंड काकांना बघवेना. तेव्हा त्यांनी भरणाऱ्याला शिकवलं, यादीत नसेल तर गप्प राहा, जागा कोरी सोड आणि पुढे जा. दयेपोटी केलं होतं ते.

काकूंना दवाखान्यात दाखल करायचं त्या सकाळी सूनबाईने मला पहिल्यांदा तयार केलं. वर आली तेव्हा तिच्या एका खांद्यावर काकूंच्या कपड्यांची पिशवी होती, ती तिने उतरवलीसुद्धा नाही. भरणाऱ्याने मला लिहिलं आणि तिने सवयीप्रमाणे माझ्यावरून नजर फिरवली. एकोणिसाव्या ओळीवर थांबली. “अगं बाई,” असं पुटपुटली. काकूंच्या यादीत कप्प्याचं नाव घालायचं राहिलं होतं.

ती यादी उघडायला गेली, तर यादी काकांच्या कॉम्प्युटरवर उघडी, म्हणून तिला बदल करता येईना. काका खाली रिक्षात बसलेले. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. काकू जिन्यातून घोगऱ्या आवाजात म्हणतायत, “येतेस ना गं? की मी एकटीच जाऊन गळा कापून घेऊ?”

“आले, आले आई!” म्हणत तिने माझ्या एकोणिसाव्या ओळीत हाताने ‘चिंध्या’ लिहिलं. यादीत नंतर घालते, असं स्वतःशीच म्हणाली. मला एकदा चालवून पाहिलं. सगळं ठाकठीक झालं. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून काकू बोलल्या, “चष्मा डोक्यावर आहे तुमच्या.” जिन्यात खऱ्या काकू खुदकन हसल्या. त्यांचं ते हसणं मला स्पष्ट आठवतं. बोलकीचं यंत्र अजून नवंकोरं खोक्यात होतं, त्यात काही भरलं नव्हतं. तयार झालेलं सगळं त्याच ‘काकू’ फोल्डरमध्ये ठेवून सूनबाई धावत खाली गेली.

पुढचे सतरा दिवस ती दवाखान्यात. नळ्या, औषधं, रक्ताच्या चिठ्ठ्या, जहाजावर फोन. कप्प्याचं नाव तिच्या मनातून पार गेलं. तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ज्याने कधी कुणाच्या उशाशी रात्रंदिवस काढलेत त्याने सांगावं, तेव्हा यादी आठवते का.

काकू घरी आल्या. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी, हातात पाटी आणि पेन्सिल. शिवणवर्गातल्या बायका भेटायला येत आणि त्यांच्याशी उगाच मोठमोठ्याने बोलत, जणू काकूंना ऐकू येत नाही. काकू पाटीवर लिहीत, ‘कान शाबूत आहेत.’

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला काकांनी त्यांना हात धरून वर आणलं. सूनबाई औषधं आणायला गेली होती. ती येईपर्यंत बोलकी तयार ठेवू, तिला चकित करू, असा बेत. नवं यंत्र खोक्यातून काढलं, तार जोडली. काकूंनी पाटीवर लिहिलं, ‘मी फार भराभरा बोलते. जरा हळू करा. आता घाई कसली?’

काका हसले. वेगाचा आकडा बदलायचा होता. मला उघडून हाताने बदलला असता तर एका क्षणाचं काम. पण काका नियमाचे पक्के. त्यांनी यादी उघडली, वेगाचा आकडा खाली आणला, यादी जपून ठेवली आणि भरणाऱ्याला हाक मारली. भरणाऱ्याने माझं जुनं अंग पुसलं. त्याच्याबरोबर सूनबाईने लिहिलेलं ‘चिंध्या’ही गेलं. नवी मी जन्माला आले. वेग कमी, बाकी सगळं यादीबरहुकूम, आणि एकोणिसाव्या ओळीत कप्प्याची जागा कोरी. भरणारा गप्प राहिला. काकांनीच शिकवलं होतं त्याला.

मला दिसत होतं. माझ्या अंगावरचीच ओळ ती. पण मला हात नाहीत, आणि तोंड आहे ते आज, तुमच्यापुढे. काकांनी बटण दाबलं.

मी पहिल्या ओळीपासून चालू लागले. एकोणिसावी ओळ आली. मी ‘काकू’ घरातलं सगळं पुसलं. चौदाशे बारा वाक्यं पुसायला एक सेकंदही लागला नाही. मग मी जोडायला गेले तर जोडायला काही नव्हतं, म्हणून शिकवल्याप्रमाणे प्रत्येक वाक्यासाठी तयार आवाज घेतला आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर भरत गेले. अडतिसाव्या ओळीला पहिल्या डिस्कवर जे होतं ते जसंच्या तसं दुसरीवर उतरवलं. जे नव्हतं तेही. मग यंत्रात सगळं भरलं, आणि शेवटच्या ओळीने पडद्यावर लिहिलं, ‘काम यशस्वी झाले.’

“झालंसुद्धा?” काका म्हणाले. त्यांनी बोलकी काकूंच्या हातात दिली. काकूंनी केस सारखे केले, म्हणजे जणू फोटोच काढायचाय, आणि पहिलं वाक्य निवडलं.

“चष्मा डोक्यावर आहे तुमच्या,” एक मुलगी म्हणाली. पंचविशीची असेल, आवाज गुळगुळीत, कुठेही न तुटणारा.

काकूंना वाटलं नवरा थट्टा करतोय. त्यांचे खांदे हसण्याने हलले. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘ही कोण?’

काका आधीच कॉम्प्युटरकडे वळले होते. ते ‘काकू’ फोल्डर उघडत होते. मग दुसरी डिस्क. मग पुन्हा पहिलं फोल्डर, जणू मघाशी नव्हतं ते आता असेल. बाण पडद्यावर नुसता भरकटत होता. काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांचे खांदे हलायचे थांबले. त्यांनी फडक्याने पाटी पुसली.

सूनबाई आली ती औषधांची पिशवी हातात घेऊनच दारात उभी राहिली. काकांनी मला पडद्यावर उघडलं होतं. तिने दुरूनच एकोणिसावी ओळ पाहिली आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. बाटली फुटल्याचा आवाज आला. कुणी वळून पाहिलं नाही.

मग जे जे करायचं ते सगळं केलं. गेलेल्या फायली शोधून देणारा एक माणूस दोन्ही डिस्क घेऊन गेला, बारा दिवसांनी आला. म्हणाला, “नुसत्या पुसल्या असत्या तर काढून दिल्या असत्या. पण त्यावर दुसरं भरलंय हो कुणीतरी.” ते कुणीतरी म्हणजे मीच. त्याने एवढ्यातून वाचवून आणलं ते सोळा सेकंद. त्यात शब्द नाही. स्टूल सरकल्याचा आवाज आहे आणि बोलायच्या आधी काकू घसा साफ करतात तेवढं आहे. नातेवाइकांचे फोन धुंडाळले. बहुतेक चित्रफिती काकूंनीच काढलेल्या, म्हणजे त्यात बाकी सगळे बोलतात. दोन मिळाल्या त्या वर्गातल्या, आणि त्यात वीस मशिनींचा घरघराट आहे.

काकांनी भरणाऱ्याला पुन्हा ओरडायला शिकवलं. आता एक जागा कोरी राहिली तर तो कामच करत नाही. बैल गेला नि झोपा केला. सूनबाई आता प्रत्येक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा एकदा. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकून पितेय. पण काकांनी नवी कामं घेणं बंद केलं. “माझी नजर गेली आता,” म्हणतात. “बायकोच्या यादीत कोरी जागा राहिली, आणि मी न वाचता बटण दाबलं. माणसाने कधी थांबावं ते कळलं पाहिजे.” ते रोज सकाळी वर येतात, मला उघडतात, एकोणिसावी ओळ बघतात आणि बसून राहतात. जेवणात लक्ष नाही. अंगावरचे कपडे सैल झालेत. काकूंनी दोन सदऱ्यांना टीप मारून दिली.

हे सगळं ते एकटे वाहतायत हे सूनबाईला बघवेना. महिन्याभराने एका सकाळी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. काकू खिडकीशी बटणं निवडत बसल्या होत्या.

“बाबा, चूक तुमची नाही. माझी आहे.”

“कसली चूक?”

“मला माहीत होतं यादीत नाव नाही ते. दवाखान्यात जायच्या दिवशी मी बघितलं होतं. यादीत बदल करता येईना, म्हणून फाइलीतच हाताने घातलं. चिंध्या असं लिहिलं होतं मी. मग यादीत घालायचं विसरले. तुम्ही नव्याने तयार केलीत तेव्हा ते गेलं.” ती एका दमात बोलली, जणू थांबली तर पुढचं येणार नाही.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची जरा बाजूला सरकवली आणि पडद्यावर मला तिच्यासमोर उघडलं.

“कुठे आहे? दाखव.”

“आता कसं दिसेल बाबा? तेच तर सांगतेय. ते पुसलं गेलं.”

“बाळ, यात तुझा हात कुठेच नाही. यंत्राने लिहिलेली फाइल आहे, अक्षर न् अक्षर.” काकांचा आवाज मऊ झाला. “मला कळतं तू हे का करतेयस. सासऱ्याने खाणंपिणं टाकलं म्हणून त्याचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायला आलीस. गुणाची आहेस. पण खोटं नको बोलूस माझ्यासाठी.”

“खोटं नाही हो बाबा! देवाशपथ!”

“बरं बरं. जा, चहा टाक.”

ती रडायला लागली, तर काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली ती अजूनच रडली. मी उघडी होते, दोघांच्या मधे. खरं काय ते सांगणारी एकच साक्ष होती, माझं जुनं अंग, आणि ते काकांनी स्वतः नियम पाळून पुसलं होतं. मी ओरडून सांगत होते की ही खरं बोलतेय हो, चिंध्या असं लिहिलं होतं हिने, मला आठवतंय. पण माझ्यात बेचाळीस ओळी आहेत आणि त्यांतली एकही साक्षीची नाही.

काकू उठल्या. सूनबाईपुढे पाटी धरली. ‘जेवलीस का?’ एवढंच लिहिलं होतं. त्यांचा तिच्यावर विश्वास बसला की काकांवर, ते मला समजलं नाही. तो प्रश्न रेकॉर्डिंगमधे होता, तीनशे सहा नंबरचा. तेव्हा त्या शेवटचा शब्द जरा लांबवून म्हणाल्या होत्या.

आता सूनबाई पुन्हा तो विषय काढत नाही. काढला की काका तिला जास्तच माया लावतात, आणि ते तिला सोसत नाही. दोघं एकाच टेबलाशी बसतात. एक समजतो की दोष आपला एकट्याचा, दुसरीला ठाऊक आहे की तो तिचा, आणि मला विचाराल तर पुसलं कुणी? मीच ना. बोलकी खणात पडून आहे. काकू तिला हात लावत नाहीत. एकदाच लावला होता, गेल्या मंगळवारी. काका चष्मा शोधत होते. खण उघडले, कागद उचलले, कात्र्या बाजूला केल्या. चष्मा डोक्यावर. काकूंनी खणातून बोलकी काढली, पहिल्या वाक्यावर बोट नेलं आणि थांबल्या. मग बोलकी परत ठेवली, खण लावला, चालत त्यांच्यापर्यंत आल्या आणि चष्मा खाली ओढून त्यांच्या नाकावर बसवला. काका “हां” म्हणाले. त्या परत जागेवर जाऊन बटणं निवडू लागल्या.

माझी एकतिसावी ओळ तशीच आहे. वाक्य पूर्ण आहे, एक अक्षर कमी नाही.

तर ही माझी हकिकत. मला काकांनी कुलूप लावून ठेवलंय, म्हणजे मला आता कुणी बदलू शकत नाही, फक्त वाचू शकतं. झालेल्या चुकीचा पुरावा म्हणून ठेवलीय, असं ते म्हणतात, पण मी पुरावा आहे तो अर्ध्याच चुकीचा; उरलेली अर्धी माझ्या जुन्या अंगाबरोबर पुसली गेली. माझी एकच विनंती आहे. कुणाला जमलं तर मला पुसून टाका. मी असेपर्यंत तो माणूस रोज वर येणार, मला उघडणार, आणि सूनबाई त्याच्या पाठीमागे उभी राहून तीच कोरी जागा बघणार.

फक्त पुसण्याआधी पत्ता पुरा लिहिलाय का, तेवढं बघा.